पठारावर ऐंशी आणि एकशेसाठ मीटर: चार दिवसांची टिपणे

निघण्याच्या आदल्या दिवशी

हौशी रेडिओच्या ऐंशी आणि एकशेसाठ मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी, म्हणजे वारंवारतेच्या पट्ट्यांसाठी, पठारावर तारेची अँटेना उभारायची होती. दोघांना एका खेपेत उचलता येईल एवढेच सामान घेतले. फायबरग्लासचा १२ मीटरचा दुर्बिणीसारखा उलगडणारा खांब, दुसरा ६ मीटरचा, ०.७५ चौरस मिलिमीटरची प्लास्टिक आवरणाची बहुतंतू तांब्याची तार, आरजी-५८ केबल २० मीटर, १०० वॉटचा रिग (प्रक्षेपण आणि ग्रहण करणारा रेडिओ संच), २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आणि नॅनोव्हीएनए हे अँटेना मापायचे छोटे यंत्र. खांब कार्बन फायबरचा असेल तर घरीच ठेवा. कार्बन वीज वाहतो. त्याला चिकटून वर नेलेली तार आणि खांब मिळून तिसरेच काही तयार होते, आणि ते जुळवता जुळत नाही.

तारेचे तुकडे घरीच करून घेतले: मुख्य तारेसाठी ४५ मीटर आणि जमिनीवर पसरायच्या रेडियलसाठी १० मीटरचे १६ तुकडे. चार-चार रेडियलची टोके एकेका रिंग लगमध्ये सोल्डर केली, म्हणजे जागेवर सोळा नव्हे, चारच स्क्रू आवळायचे. प्रत्येक तुकडा वेगळ्या पुठ्ठ्यावर गुंडाळला. सगळे एकत्र गुंडाळले की पहिला तास गुंता सोडवण्यात जातो.

कॉइल दोन. मोठी ९ सेंटिमीटर व्यासाच्या प्लास्टिक पाइपवर २६ फेऱ्यांची, फेऱ्यांमधले अंतर २ मिलिमीटर, अठराव्या फेरीपासून पुढे प्रत्येक फेरीवर टॅप, म्हणजे चिमटा लावायची जागा. छोटी ५ सेंटिमीटरच्या पाइपवर १२ फेऱ्यांची, सहाव्यापासून टॅप. यांचे काम तिसऱ्या दिवशी. केबलवरचा चोक, म्हणजे तिच्या बाहेरच्या आवरणावरून वाहणारा प्रवाह अडवणारी गुंडाळी, एफटी-२४०-३१ फेराइट कड्यावर आरजी-५८ चे १४ फेरे घालून केला. कमी वारंवारतेला ३१ नंबरचे मिश्रण ४३ पेक्षा सरस पडते, म्हणून कडे घेताना नंबर पाहून घ्यावा. दिसायला दोन्ही सारखीच काळी.

पहिला दिवस

जागा उघडी, झाडे नाहीत, मातीचा थर वीतभर आणि खाली खडक. दूरच्या संपर्कासाठी मोकळे पठार चांगले, पण असली कोरडी, खडकाळ जमीन वीज वाहायला वाईट. उभ्या अँटेनाचा अर्धा भाग जमीनच असते, त्यामुळे पुढचे दोन दिवस कशात जाणार ते इथेच ठरले.

मेखा खडकात जात नाहीत. तणाव्यांना दगड भरलेल्या पिशव्या बांधल्या, प्रत्येकी पंधरा किलोच्या आसपास. तीन तणावे ४ मीटरवर, तीन साडेसात मीटरवर, एकमेकांपासून १२० अंशांवर. खांबाचे सांधे हाताने पिळून घट्ट केले आणि प्रत्येकावर टेपचे तीन वेढे दिले. टेप टाळली तर उन्हाने सांधा सैलावतो आणि रात्री कधीतरी वरचा अर्धा खांब सरसर आत जातो. सगळ्यात वरचा मीटरभर भाग बोटाएवढा बारीक. त्यावर ओढ दिली की तो गळासारखा वाकतो, म्हणून तार ११ मीटरवरच बांधली. बारा मीटरचा खांब अकराचा धरून हिशोब करणे बरे.

अँटेना उलट्या एलच्या आकाराची: तार खांबाच्या बाजूने ११ मीटर वर आणि तिथून आडवी. ऐंशी मीटर बँडवर पाव तरंगलांबीची तार साधारण २० मीटर, म्हणजे ९ मीटर आडवी राहते. दुसरे टोक ६ मीटरच्या खांबाकडे दोरीने ताणले. हे टोक जमिनीकडे उतरू द्यायचे नाही. उतरत्या तारेतला प्रवाह उभ्या भागातल्या प्रवाहाच्या उलट दिशेने वाहतो आणि त्याचे काम थोडे खोडून काढतो.

लांबीचा हिशोब: ७१.५ भागिले मेगाहर्ट्झमधली वारंवारता. ३.५५ साठी २०.१४ मीटर येते. प्लास्टिक आवरणामुळे प्रत्यक्ष तार दोन ते चार टक्के आखूड लागते, तरीही २०.६ मीटरच सोडली. जास्तीची तार दुमडता येते. कापलेली जोडायची तर सोल्डरिंग आयर्न पठारावर आणावे लागते.

मापनाआधी दोन गोष्टी. एक, नॅनोव्हीएनएचे कॅलिब्रेशन, म्हणजे ओपन, शॉर्ट आणि ५० ओहम, थेट फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडतात तिथे) लागणाऱ्या छोट्या केबलच्या टोकावर. रिगच्या टोकाकडून मापले तर २० मीटर केबल रोध आणि रिअॅक्टन्स (कॉइल किंवा धारकासारखा विरोध) दोन्ही बदलून दाखवते. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते याचा आकडा (१ म्हणजे पूर्ण), जवळपास तोच दिसतो, आणि गफलत तिथेच होते, कारण या सहलीत एसडब्ल्यूआरपेक्षा रोधाच्या आकड्याला महत्त्व होते. दोन, चोक लावल्याशिवाय मापायचे नाही. चोक नसेल तर केबलचे वरचे आवरणच एक रेडियल होऊन बसते. पारख सोपी: मापन चालू ठेवून केबल हाताने धरा किंवा मीटरभर सरकवा. आकडे हलले तर चोक अपुरा आहे.

आणि तार व्हीएनएला जोडण्याआधी जमिनीच्या टोकाला टेकवायची. कोरड्या वाऱ्यात लांब तारेवर स्थिर वीज साठते, आणि या छोट्या यंत्राच्या इनपुटला एक ठिणगी पुरते. फीडपॉइंटवर तार आणि रेडियल यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा ठेवला, त्यातून ती वीज निचरत राहते.

चार रेडियल चार दिशांना टाकून पहिले मापन घेतले. अनुनाद, म्हणजे तार ज्या वारंवारतेला आपसूक जुळते ती, ३.४२ मेगाहर्ट्झवर. नवी लांबी काढायची रीत अशी: जुनी लांबी गुणिले मिळालेली वारंवारता, भागिले हवी असलेली. २०.६ गुणिले ३.४२ भागिले ३.५५ म्हणजे १९.८५ मीटर, म्हणून टोकाकडून ७५ सेंटिमीटर तार मागे दुमडून स्वतःभोवतीच घट्ट पिळली. दुमडलेला भाग सैल लोंबला तर तो टोकावर धारक (कपॅसिटर) म्हणून काम करतो आणि तार हवी तेवढी आखूड होत नाही. घट्ट पिळूनही अनुनाद ३.५४ वर थांबला. आणखी ६ सेंटिमीटर दुमडल्यावर ३.५५.

तेव्हा रोध ४९ ओहम, एसडब्ल्यूआर १.०२. बहुतेक लोक इथे व्हीएनए बंद करून रिग जोडतात.

पण ११ मीटर उंचीच्या या आकाराचा विकिरण रोध, म्हणजे रोधातला लहरी बाहेर टाकणारा भाग, ३.५५ वर साधारण २१ ओहम येतो. उरलेले २८ ओहम म्हणजे खडकाळ जमिनीत जाणारी ऊर्जा. २१ भागिले ४९, म्हणजे कार्यक्षमता ४३ टक्के. शंभर वॉटपैकी सत्तावन्न वॉट मुंग्यांना ऊब देतात आणि मीटर म्हणतो, सगळे उत्तम.

दुसरा दिवस

सकाळचा सगळा वेळ रेडियलमध्ये गेला. आठ झाल्यावर रोध ४० वर उतरला, एसडब्ल्यूआर १.२५. सोळा झाल्यावर रोध ३४ आणि एसडब्ल्यूआर १.४७. मीटरकडे पाहणाऱ्याला अँटेना बिघडत चालली आहे असे वाटेल. खरे तर कार्यक्षमता ४३ वरून ५३, मग ६२ टक्क्यांवर गेली. प्रत्येक वेळी अनुनादही थोडा सरकतो, म्हणून रेडियल पूर्ण पसरून झाल्यावरच तारेची लांबी पक्की करायची. आधी केलेले काम पुन्हा करावे लागते.

जमिनीवर पडलेल्या रेडियलची लांबी जुळवत बसण्यात अर्थ नाही. जमिनीला चिकटलेली तार अनुनाद धरतच नाही. तिचे काम परतीच्या प्रवाहाला माती आणि खडकाऐवजी तांब्याची वाट देण्याचे. हा प्रवाह खांबाच्या बुंध्याशी सर्वांत दाट असतो, म्हणून तार मोजकी असेल तर लांब चारपेक्षा आखूड सोळा बऱ्या. ब्राउन, लुईस आणि एपस्टाइन यांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ११३ पर्यंत रेडियल जमिनीत पुरून मापने घेतली होती, आणि मध्यमलहरी केंद्रांचे मनोरे आजही त्या परंपरेतले सव्वाशेच्या आसपास रेडियल वापरतात. पाठीवर तार वाहून नेणाऱ्याने त्या आकड्याने दबून जायचे कारण नाही. चारावरून सोळावर गेल्याने इथे दीड डेसिबल मिळाले. सोळाचे बत्तीस केले असते तर रोध ३१ च्या आसपास येऊन जेमतेम ०.४ डेसिबल वाढले असते. सोळावर थांबलो.

रेडियल सरळ ताणलेच पाहिजेत असे नाही. दगड, झुडूप वाटेत आले की वळसा घालून न्यावे. मात्र जास्तीची तार गुंडाळी करून ठेवू नये. ती कॉइल होते आणि त्या रेडियलमधून प्रवाह जायला नाखूश असतो.

दीड डेसिबल खरोखर मिळाले का, हे दुपारी तपासले. रात्री तपासण्यात अर्थ नाही. आकाशातून येणारा सिग्नल मिनिटामिनिटाला दहा डेसिबलने वरखाली होतो, त्यात दीड कुठे सापडणार? दुपारी आयनमंडलाचा डी-थर ऐंशी मीटरचा आकाशमार्गी सिग्नल बराचसा गिळतो, आणि जवळपास पोहोचते ती फक्त जमिनीलगत जाणारी भूलहरी. सरळ रेषेत दीड किलोमीटरवर छोटा लूप (कड्याच्या आकाराची अँटेना) आणि एसडीआर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा, रिसीव्हर ठेवला. इथून संकेतनाम सांगून ५ वॉटची वाहक लहर अर्धा मिनिट, आधी सोळा रेडियलवर, मग चारवर. रिसीव्हरवर रेषेची उंची डेसिबलमध्ये वाचायची. सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर हा फरक काट्याच्या जाडीएवढा दिसतो. लूप हातात धरायचा नाही आणि दोन मापनांमध्ये हलवायचाही नाही.

यात एक खाच आहे. बारा रेडियल नुसते स्क्रूवरून सोडले आणि जागेवरच पडू दिले तर ते उरलेल्या तारांशी जोडलेलेच राहतात, धारकत्वातून. फरक निम्माच दिसतो. ते उचलून पाच-सात मीटर बाजूला न्यावे लागतात. तसे केल्यावर १.४ डेसिबल आले. एसडब्ल्यूआर १.४७ मुळे परतणारी शक्ती ०.१६ डेसिबलच्या जवळपास, तेवढे जमेस धरले की हिशोब बसतो.

संध्याकाळी ऐंशीवर दर साठ-सत्तर किलोहर्ट्झला एक खरखर उभी राहिली. सौर पॅनेलचा चार्ज कंट्रोलर. त्यावर फेराइट चढवत बसण्यापेक्षा सूर्य मावळल्यावर पॅनेलची तार उपटणे सोपे. एसडब्ल्यूआर १.४७ ला रिगने काहीच तक्रार केली नाही. ऐंशीसाठी जुळवणीची कॉइल लावलीच नाही.

तिसरा दिवस

एकशेसाठ मीटर. याच खांबावर पाव लांबीची तार ३९ मीटरच्या पुढे जाते, खांब ११ चाच. वाटा दोन: ऐंशीची तार तशीच ठेवून बुंध्याशी कॉइल घालायची, किंवा आडवी तार २८ मीटरपर्यंत वाढवायची.

कॉइल झटपट होते, म्हणून आधी ती. ३.५५ वर अनुनादणारी तार १.८३ ला सुमारे ५६० ओहम धारक रिअॅक्टन्स दाखवते. ती मोडायला ४९ मायक्रोहेन्री लागतात. मोठ्या पाइपवर हे २३ फेऱ्यांना येते. हिशोबाचे सूत्र सेंटिमीटरमध्ये असे: व्यासाचा वर्ग गुणिले फेऱ्यांचा वर्ग, भागिले (४५.७ गुणिले व्यास अधिक १०१.६ गुणिले गुंडाळीची लांबी). उत्तर मायक्रोहेन्रीत. सूत्र एका टक्क्यापर्यंत जाते, पण पाइप टेबलवर आहे की ओल्या गवतात, यानेही फेरीभराचा फरक पडतो. टॅप त्यासाठीच.

टॅप बदलताना प्रक्षेपण बंद, आणि ते ओरडून सांगायचे. १०० वॉटला बुंध्याशी २ अँपिअर वाहतात. २ गुणिले ५६० म्हणजे कॉइलवर अकराशे व्होल्टपेक्षा जास्त, आणि शिखर सोळाशेच्या आसपास. मगरचिमटा सैल बसला तर प्लास्टिक पाइप तिथे आधी काळा पडतो, मग वितळतो. कॉइलचा क्यू, म्हणजे तिचा रिअॅक्टन्स भागिले तिचा रोध, २२५ धरला तर तिचा स्वतःचा रोध अडीच ओहम, म्हणजे दहा वॉट तिच्यातच उष्णता होऊन जातात.

अडीच ओहम किरकोळ वाटतात, पण इथे विकिरण रोधच ४ ओहमच्या आसपास आहे. आखूड तारेत प्रवाह वर जाता जाता आटत जातो आणि बुंध्याची कॉइल ते थांबवू शकत नाही.

तार पूर्ण लांबीची केली की प्रवाहाचा भरगच्च भाग उभ्या तारेत येतो आणि विकिरण रोध ६.७ ओहम होतो. उंची तीच, खांब तोच. दुपारी ६ मीटरचा खांब आणखी १९ मीटर पलीकडे नेला आणि तार ओढली. आडव्या भागाला मध्ये झोळ पडतोच; झोळ काढायला जोर लावला तर मुख्य खांब वाकतो, म्हणून विरुद्ध बाजूच्या तणाव्याला जादा पिशवी. शेवटच्या टोकाला हात लागेल अशी जागा ठेवू नये. पाव लांबीच्या तारेच्या टोकावर विद्युतदाब सर्वांत जास्त असतो आणि तिथला चटका खोलवर भाजतो.

१६ रेडियलवर रोध २९ ओहम. त्यांतल्या आठांना आणखी दहा मीटरचे शेपूट जोडल्यावर २४. म्हणजे २८ टक्के. कॉइलच्या मांडणीतही एकूण रोध २४ च्याच आसपास येतो, पण त्यातला कामाचा भाग ४ ओहम, १७ टक्के. दोन मांडण्यांचा एसडब्ल्यूआर सारखाच, फरक मात्र सव्वादोन डेसिबलचा. एसडब्ल्यूआर दोनच्या आत राहतो त्या पट्ट्याची रुंदी मात्र चुगली करते: कॉइलवर पन्नास किलोहर्ट्झच्या आत, पूर्ण तारेवर सत्तरच्या जवळ. सारख्याच मांडणीत रुंदी अचानक वाढली तर आनंद मानू नये, कुठला तरी रेडियल सुटला आहे का ते पाहावे.

आता २४ ओहमना ५० करायचे. यासाठी ट्यूनर लागत नाही. तार मुद्दाम थोडी आखूड ठेवायची, म्हणजे १.८३ ला ती २५ ओहम धारक दिसते, आणि फीडपॉइंटवर तार व रेडियल यांच्यामध्ये ४८ ओहमची कॉइल आडवी टाकायची. १.८३ ला ४८ ओहम म्हणजे ४.२ मायक्रोहेन्री, छोट्या पाइपचे ८ फेरे. या तारेचा रिअॅक्टन्स किलोहर्ट्झमागे अर्धा ओहम बदलतो, म्हणून २५ ओहमसाठी अनुनाद पन्नास किलोहर्ट्झ वर, १.८८ ला न्यायचा. तार सुमारे एक मीटर दुमडावी लागते. क्रम महत्त्वाचा: कॉइल न लावता अनुनाद आधी १.८८ ला, मग कॉइल, मग टॅपने बारीक फरक. दोन्ही एकदम हलवले तर संध्याकाळपर्यंत फिरत राहाल. आठव्या टॅपवर एसडब्ल्यूआर १.१ मिळाला. ही कॉइल स्थिर वीजही जमिनीत सोडते. १०० किलोओहमचा रेझिस्टर आता नावापुरता.

मापनात एक त्रास या बँडचाच. अंधार पडल्यावर मध्यमलहरी केंद्रांचा जोर वाढतो, आणि ४० मीटर तार ते सगळे गोळा करून व्हीएनएच्या तोंडात ओतते. आलेख दातेरी होतो, एसडब्ल्यूआरची रेषा थरथरते. अॅनालायझर बिघडलेला नसतो. पक्की मापने दुपारी घ्यावीत. रात्री फक्त रिगच्या मीटरवर, ५ वॉटला, पाहून घ्यावे.

रात्री १.८३६६ मेगाहर्ट्झवर डब्ल्यूएसपीआर लावले, म्हणजे क्षीण सिग्नल आपोआप पाठवून तो कुठे ऐकू आला याचे अहवाल मिळवायची पद्धत. एक प्रक्षेपण जवळजवळ दोन मिनिटांचे आणि पट्टा सहा हर्ट्झचा, त्यामुळे कमी शक्तीतही अहवाल येतात. एखादी अँटेना तपासायची असेल तर एका रात्रीच्या अहवालांवर निर्णय देऊ नये. अँटेना तीच असूनही दुसऱ्या रात्री आकडे दहा डेसिबलने हलतात.

चौथा दिवस

पहाटे सगळ्या तारेवर दव होते आणि अनुनाद सात किलोहर्ट्झ खाली सरकलेला. ऐंशीवर हे लक्षातही येत नाही. एकशेसाठच्या अरुंद पट्ट्यात येते. आवरणावरचे पाणी तारेला विद्युतदृष्ट्या लांब करते. दुमड सोडवायची घाई करू नये, नऊपर्यंत ऊन लागले की आकडा परत येतो. वाऱ्याने आडवी तार झुलते तेव्हाही एसडब्ल्यूआरचा काटा लयीत हलतो. तारेचे जमिनीपासूनचे अंतर बदलते, दुसरे काही नाही. काटा झटक्याने उडाला तर मात्र सांधा सैल आहे.

एकशेसाठची कॉइल काढून, तार पुन्हा ऐंशीच्या लांबीवर आणली आणि त्याच फीडपॉइंटला चाळीस मीटरसाठी १०.१ मीटरची दुसरी उभी तार जोडली, पहिलीपासून १५ सेंटिमीटर दूर ठेवून. अंतर राखायला प्लास्टिक नळीचे तुकडे. ऐंशीची तार ७.१ ला अर्ध्या तरंगलांबीची होते, तिचा रोध तिथे हजारांत जातो आणि ती वाटेतून बाजूला राहते. शेजारामुळे चाळीसचा अनुनाद मात्र हलतो. एकट्या तारेच्या हिशोबावर विसंबू नये. इथे २० सेंटिमीटर दुमडावे लागले. ऐंशीचा अनुनाद नंतर पुन्हा तपासला, तो १० किलोहर्ट्झने खाली आला होता.

अकराच्या सुमारास पश्चिमेला ढग चढले आणि रिसीव्हरमध्ये कडकड वाढली. ढग दिसायच्या आधीच ती ऐकू येते. केबल रिगमधून काढून बाहेर, रिगपासून लांब ठेवली, आणि खांब उतरवायला घेतला. आधी आडवी तार सैल, मग वरचे तणावे, मग सांधे वरून खाली एकेक. खालचा सांधा आधी सोडला तर वरचे वजन बोटांवर येते.

रेडियल गोळा करताना बुंध्याकडून सुरुवात करावी आणि टोकाकडे जात पुठ्ठ्यावर गुंडाळावे, म्हणजे तार मागे ओढत नेऊन काट्यात अडकत नाही. सोळा तुकडे मोजून घ्यावेत. गवतात राहिलेली तार गुरांच्या खुरांत अडकते. मुख्य तारेवर दुमडींच्या जागी रंगीत टेप लावली: ऐंशीसाठी लाल, एकशेसाठसाठी निळी. छोट्या पाइपवर आठव्या टॅपला मार्करने वर्तुळ.